पाणवठ्यापायी अडलेली सहल

चौथीला अन्नसाखळी शिकवताना दरवर्षी फळ्यावर तेच काढते. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. मुलं पाठ करतात आणि परीक्षेत बाण उलटा काढतात, सापाकडून बेडकाकडे. त्यांचंही काही चुकत नाही म्हणा, साप बेडकाच्या मागे लागतो म्हणून बाण तिकडे. बाण म्हणजे खाणं कुणाच्या पोटात गेलं ते, हे घसा कोरडा करून सांगितलं तरी उतरत नाही. म्हणून यंदा ठरवलं, माळरानच दाखवायचं. बारामती तालुक्यातल्या सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आमच्या शाळेपासून तासाभरावर. जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं, १९९७ साली चिंकाऱ्यासाठी, म्हणजे माळावरच्या लहान हरणासाठी, राखलेलं.

दिवाळीची सुट्टी संपली त्याच आठवड्यात अर्ज केला. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मुलांची यादी, हमीपत्र, दहा मुलांमागे एक शिक्षक, सगळं जोडून. वनखात्याचं पत्र चार दिवसांत हातात आलं. आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांची सही तर मोटारसायकलच्या सीटवरच झाली.

मग फाईल शिक्षण खात्याच्या वरच्या कार्यालयात गेली आणि तिथंच बसली.

तीन आठवड्यांनी त्रुटीपत्र आलं. सहलीच्या उद्देशात मी हौसेनं लिहिलं होतं, ‘माळरानावरील अधिवास, पाणवठा व अन्नसाखळी यांचे निरीक्षण’. त्यातल्या ‘पाणवठा’ शब्दाखाली लाल रेघ. सहलस्थळी पाणी असल्याने सुरक्षेबाबत खुलासा करावा.

नियमाशी माझं भांडण नाही. २०१६ साली मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले, तेव्हापासून पाण्याजवळ सहल म्हटलं की माझ्याही पोटात गोळा येतो. पण इथं समुद्र कुठला? माळावर जनावरांसाठी केलेली सिमेंटची उथळ बशी ती. होले आणि टिटव्या येऊन पाणी पितात.

तिथल्या कारकुनांना, भाऊसाहेबांना, हे समक्ष सांगायला गेले. म्हणाले, “मॅडम, कागदावर द्या.” कागदावर दिलं. पंधरा दिवसांनी दुसरं पत्र: पाण्याच्या खोलीबाबत सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा. वनपालसाहेबांना फोन केला तर आधी त्यांना मी चेष्टा करतेय असं वाटलं. मग बिचाऱ्यांनी खरंच टेप लावून मोजलं आणि लिहून दिलं, नऊ इंच. तो दाखला घेऊन गेले तर साहेब मीटिंगला. पुढच्या वेळी साहेब होते, तर भाऊसाहेब रजेवर आणि कपाटाची किल्ली त्यांच्याजवळ. त्यानंतरच्या खेपेला मला विचारलं, “जीवरक्षकाचं काय?” नऊ इंचाला जीवरक्षक! मी काही बोलले नाही. बोलले असते तर सहल पुढच्या वर्षावर गेली असती.

तिकडे माळ वाळत चालला होता. पावसाळा सरताना तिथं गवत गुडघ्याएवढं असतं, पाऊल टाकलं की चारपाच नाकतोडे उडतात. मला मुलांना नेमकं तेच दाखवायचं होतं. डिसेंबर उलटला तशी एकेक कडी माझ्या डोळ्यांसमोरून गळायला लागली.

शेवटी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना माझी दया आली. हळूच म्हणाल्या, “अहो, तो शब्दच काढून टाका ना.” नवीन अर्ज लिहिला. ‘माळरानावरील अधिवास व अन्नसाखळी यांचे निरीक्षण’. पाच दिवसांत मंजुरी! आनंद व्हायला हवा होता, पण मी बसस्टँडवर ऊसाचा रस पीत चडफडत बसले होते. म्हणून सांगते, अर्जात शिकवण्याचा उत्साह दाखवू नका. आणि दर कागदाची पोच घ्या, आवक क्रमांकासकट. माझं पहिलं उत्तर ‘मिळालंच नाही’ म्हणत होते, पोच काढून दाखवल्यावर सापडलं.

जानेवारीच्या अखेरीस गेलो. अडतीस मुलं, चार शिक्षक. गवत पिवळं, कुसळं सगळ्यांच्या मोज्यांत. नाकतोडे मोजून सहा. चिंकारे लांबून दिसले, शेपटी हलवत पळाले. एके ठिकाणी लेंड्यांचा ढीग होता. चिंकारा पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन लेंड्या टाकतो, हे वनरक्षकांनी सांगितल्यावर मुलांना चिंकाऱ्यापेक्षा तो ढीगच जास्त आवडला.

मग वाटेवरच्या एका दगडावर खोकडाची, म्हणजे माळावरच्या लहान कोल्ह्याची, विष्ठा दिसली. वाळून पांढरट झालेली. वनरक्षकांनी काडीनं फोडली. आत उंदराचे केस, किड्यांच्या पंखांचे चकाकते तुकडे आणि बोराच्या आठ-दहा बिया. मुलं गोल करून उकिडवी बसली.

“बाई, खोकड मांसाहारी ना?”

“हो, म्हणजे...”

“मग बोरं कशी खाल्ली?”

बोरं जानेवारीत पिकतात. नोव्हेंबरात गेलो असतो तर त्या बिया दिसल्या नसत्या, हे मला तिथंच लक्षात आलं. त्या कार्यालयाला मात्र याचं श्रेय मी देणार नाही. वर्गात येऊन मुलांनी काढलेल्या चित्रांत साखळी राहिलीच नाही, जाळं झालं. बोरीकडून खोकडाकडे बाण, उंदराकडून खोकडाकडे बाण, वाळवीकडूनही. एकही उलटा नाही. एकानं खोकडाकडून मातीकडे बाण काढून तिथं बोरीचं रोप उगवलेलं दाखवलं.

पाणवठाही पाहिला. कंपासपेटीतली पट्टी उभी धरली, अर्धीसुद्धा बुडली नाही.

एसटीचं राहिलंच. शालेय सहलीला भाड्यात निम्मी सवलत मिळते, पण आगारात मंजुरीची प्रत दिल्याशिवाय गाडी मिळत नाही, तेव्हा झेरॉक्स जास्तीच्या काढा. आणि संमतीपत्रावर सहलीची तारीख आधीच छापू नका. मी छापली होती. अडतीस पत्रं तीनदा गोळा केली, त्यात दोघांचे आईवडील ऊसतोडीला गेलेले, आजीच्या अंगठ्यासाठी दर वेळी वस्तीवर चालत जावं लागलं. तिसऱ्या खेपेला आजी म्हणाली, “बाई, शाईची डबी हितंच ठिवून जा.”