गवा कापला

बेळगावच्या शहापुरात माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, यात्रेची हँडबिलं, मराठी-कन्नड दोन्ही. कॉमिक्स कधी आलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात खानापूरकडचा एक पोरगा आला, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाचा, म्हणजे बारावीचा. पेन ड्राइव्हमध्ये मोबाइलनं काढलेले फोटो. डावीकडं उजेड, उजवीकडं स्वतःच्याच हाताची सावली. म्हटलं, "हे छापलं तर सगळं करडं येणार. मूळ चित्रं आण."

सोमवारी फाइल ठेवून गेला. ए-फोरवर शाईनं काढलेली 22 पानं. मी 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 ठिपक्यांनी, स्कॅन केली. रेघेच्या चित्राला 300 कमी पडतं, कडा दातेरी दिसतात. गोष्ट गमतीची होती. जांबोटीच्या पुढं कणकुंबीला जाणारी शेवटची बस, त्यात आज्जी आणि नातू. कंडक्टर कन्नडमध्ये "मुंदे होग्री", पुढं चला, म्हणून ओरडतो, आज्जी मराठीत भांडते, आणि दोघांचं व्यवस्थित जमतं. संवादांच्या फुग्यांतली अक्षरं हातानंच लिहिलेली. मी टाइप करून देतो म्हणालो, तर नको म्हणाला. माझंही काम वाचलं. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कन्नडची ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातली खालची अक्षरं, खाली बसायची सोडून शेजारी येऊन उभी राहतात.

मधे पिन मारायच्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत लागतात. 22 म्हणजे दोन कमी. मी शहाणपणा केला: पुढं एक नावाचं पान घातलं, शेवटी एक कोरं सोडलं. झाली 24. मग जोड्या लावल्या. पहिल्याबरोबर चोविसावं, दुसऱ्याबरोबर तेविसावं. एका बाजूला शेजारी छापायच्या पानांची बेरीज कायम 25. ती जुळली की मी डोळे झाकून छापतो. शुक्रवारी रात्री 100 प्रती काढल्या.

शनिवारी सकाळी पोरगा आला. पानं उलटत मधोमध थांबला. बराच वेळ काहीच बोलला नाही.

"काका, गवा कापला."

बस थांबते ती रस्त्यात गवा उभा असतो म्हणून. तो गवा त्यानं 12 आणि 13 या समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून काढला होता. मी पुढं एक पान घुसवल्यामुळं सगळं एकानं सरकलं. गव्याचं अर्धं तोंड आणि एक शिंग 13 वर, आणि पान उलटल्यावर मागं 14 वर उरलेला गवा. स्कॅन करताना दोन कागद वेगवेगळे आले, मला ते एकच जनावर आहे हेसुद्धा कळलं नव्हतं.

पोरानं फाइल मागितली. चित्रांच्या खाली, कप्प्यात, घडी घालून पिन मारलेली एक छोटी वही होती. सहा कोरे कागद दुमडून 24 पानं केलेली. प्रत्येक पानावर पेन्सिलीनं आकडा आणि दोन-चार रेघा, शेवटची दोन पानं मोकळी. 11 वर फक्त ब्रेक दाबणारा पाय. पान उलटलं की गवा. आणि 12-13 हे बरोबर मधलं पसरट पान, एकच कागद. दुसरीकडं कुठंही ते दोन कागदांवर गेलं असतं आणि शिंगं बोटभर वरखाली झाली असती. पिन दोन शिंगांच्या मधे यावी म्हणून त्यानं तिथं जागा सोडली होती.

ही वही पाच दिवस माझ्या टेबलावर होती. पंचवीस वर्षं छपाई करतोय मी.

कागद माझ्या खिशातनं गेला. दोन्ही जादा पानं मागं टाकली, नाव मुखपृष्ठावर होतंच. दुपारपर्यंत नव्या प्रती घडी होऊन पिनेखाली गेल्या. पिना शिंगांच्या मधे येतात का, ते पहिल्या दहा प्रतींत तो स्वतः वाकून बघत होता.

निघताना रद्दीच्या गठ्ठ्याकडं बघून म्हणाला, "त्यातली एक देता काय?"

"ती कशाला रे?"

"आज्जीला दाखवतो. ती म्हणालीच होती, गवा एका पानात मावायचा नाही."