सावली नसलेलं प्रेत

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, हा फाशांवर गोष्ट रचत खेळायचा खेळ. पैसे घेऊन तो चालवणाऱ्या माणसाला एक मागणी हमखास ऐकावी लागते. "आम्हाला सोपं नको. मरायचं तर मरू." मागणी खरी असते, पण अर्धीच. धाकधूक सगळ्यांना हवी असते, आपल्या पात्राच्या नोंदींचा कागद, म्हणजे कॅरेक्टर शीट, फाडायला मात्र कुणाचा हात उचलत नाही.

हा गट पाच जणांचा होता. चौघे जुने खेळणारे, आणि पाचवी त्यांच्यातल्या एकाची धाकटी बहीण. तिने फासे पहिल्यांदाच हातात घेतले होते. खेळाआधीच्या बैठकीत, म्हणजे सेशन झिरोला, मी माझ्या हाउस रूल्सचं, म्हणजे पुस्तकाबाहेरच्या घरच्या नियमांचं पान सगळ्यांसमोर ठेवते. त्यात एक कलम असं आहे की एखादा राक्षस किंवा सापळा थेट ठार करणारा असेल, तर कॅरेक्टर आधी फक्त कोसळतं. मग डेथ सेव्हिंग थ्रो, म्हणजे जगणार की मरणार हे ठरवणारे फासे, सुरू होतात, एक अपयश आधीच धरून. म्हणजे साथीदारांना धावायला निदान एखादी फेरी मिळते. फायटर, म्हणजे लढवय्या, चालवणाऱ्याने पेन मागितलं आणि ते कलम खोडून टाकलं. "पुस्तकात आहे तसं होऊ दे." धाकटीला मी बाजूला घेऊन याचा अर्थ नीट समजावला. ती म्हणाली, "चालेल ताई, बघू."

मी 2014च्या नियमांवर चालवते. त्यात लढाईची अवघडता मोजायचं एक गणित दिलंय. तिसऱ्या लेव्हलच्या पाच जणांसाठी 750 एक्सपीपासून, म्हणजे अनुभवाच्या गुणांपासून, 'मध्यम', 1125 पासून 'कठीण' आणि 2000 पासून 'प्राणघातक'. शॅडो नावाचा राक्षस एकेक 100 एक्सपीचा. पाच शॅडो म्हणजे 500. तीन ते सहा शत्रू असले की दुप्पट धरायचे, म्हणजे 1000. कागदावर ही लढाई मध्यम ठरते. 2024च्या पुस्तकाने हे दुप्पट करणंच काढून टाकलं. तिथे हेच पाच शॅडो सगळ्यात खालच्या पायरीच्या बजेटलाही पुरे पडत नाहीत.

गणित फसतं ते एका ओळीमुळे. शॅडोचा फटका हिट पॉइंट, म्हणजे जीव मोजायचे गुण, तर घेतोच, शिवाय एका चार बाजूंच्या फाशाइतकी स्ट्रेंथ, म्हणजे अंगातली ताकद, पिऊन टाकतो. स्ट्रेंथ शून्यावर आली की मेला. डेथ सेव्ह नाही, काही नाही. धाकटीची आठ स्ट्रेंथची विझर्ड, म्हणजे जादूगार, सरासरी तीन-चार फटक्यांत संपते, मग तिचे हिट पॉइंट कितीही असोत. तिचा आर्मर क्लास, म्हणजे हल्ला लागायला गाठायचा आकडा, 15, आणि शॅडोला वीस बाजूंच्या फाशात जमा 4. म्हणजे निम्मे हल्ले लागणारच. पाचही शॅडो एकीच्या मागे लागले तर दोन फेऱ्यांत खेळ खलास. असा राक्षस असला की मी एक्सपी बघतच नाही, सगळ्यात अशक्त कॅरेक्टर किती फटके सोसेल तेवढंच मोजते.

हे सगळं माहीत असूनच मी शॅडो ठेवले. 1974 साली हा खेळ आला तेव्हा शून्य हिट पॉइंट म्हणजे मेला, इतका साधा हिशेब होता, आणि या मंडळींना तीच चव हवी होती. पण असा राक्षस ठेवायचा तर आधी हाक द्यावी लागते. तळघराच्या तोंडाशी एक चोर मरून पडलेला होता. अंगावर जखम नाही, तलवार म्यानातच, हातातला कंदील मात्र चेपून सपाट केलेला. विझर्डने काठीवर उजेडाचा मंत्र टाकला होता. ती काठी हलली तशा खांबांच्या सावल्या भिंतीवरून सरकल्या. प्रेताची सावली सरकली नाही, कारण ती नव्हतीच.

रोग, म्हणजे चोरटं पात्र, चालवणारा म्हणाला, "हे वाईट आहे." बाकीचे म्हणाले, "पुढे चला." खाली कुणीतरी कोंडलेलं होतं आणि घटका भरत आली होती. क्लेरिकने, म्हणजे पुजाऱ्याने, अनडेड (मेल्यावरही हिंडणारे) पिटाळायची त्याची शक्ती वरच्या सांगाड्यांवर वापरून टाकली होती. एक तासाची शॉर्ट रेस्ट घेतली असती तर ती परत आली असती. घेतली नाही. विझर्डचे स्पेल स्लॉट, म्हणजे मोठे मंत्र टाकायची शिल्लक, संपले होते, बचावाच्या शील्ड मंत्रासाठीही काही उरलं नव्हतं.

माझ्या तयारीच्या कागदावर एक वाक्य आधीच लिहिलेलं होतं: 'उजेड ज्याच्या हातात, त्याच्याकडे आधी.' राक्षस कुणावर जाईल हे मी लढाईच्या आधी लिहून ठेवते. टेबलावर बसून ठरवलं की मनात नसतानाही आपण कुणाला तरी वाचवतो, नाहीतर कुणावर तरी सूड उगवतो.

पहिल्या फेरीत दोन शॅडो विझर्डला लागले. चार, मग तीन. आठाची एक स्ट्रेंथ उरली, हिट पॉइंट वीसाचे चार. फायटरची गत वेगळीच झाली. साध्या तलवारीचा मार शॅडोवर निम्माच पडतो. त्यात त्याची सोळाची स्ट्रेंथ दहावर आली आणि अंगावरचं चेनमेल जड झालं. त्याला तेरा स्ट्रेंथ लागते, कमी पडली की चाल दहा फुटांनी घटते. फायटरला त्याच्या चिलखताने धरून ठेवलंय, हे टेबलावर सगळ्यांना एकदमच उमगलं. मला हा नियम फार आवडतो, आणि तो कधी कुणाच्या लक्षात नसतो.

धाकटीची पाळी आली. मागे सरकून निसटता आलं असतं. पण तिच्याखेरीज कुणाकडे उजेड नव्हता, आणि अंधारात बाकीच्यांना काही दिसलं नसतं. ती तिथेच उभी राहिली आणि फायर बोल्ट हा स्लॉट न लागणारा आगीचा मंत्र टाकला. आगीचाही शॅडोवर निम्माच परिणाम होतो.

मी फासे टेबलाच्या मधोमध, सगळ्यांसमोर टाकते. पडले पंधरा. अधिक चार, एकोणीस. लागला.

सगळ्यात आधी बोलला तो कलम खोडणारा फायटर. "ते कलम परत घेऊ या. मीच खोडलं होतं, मीच परत लिहितो." तिचा भाऊ रेंजर चालवत होता, तो म्हणाला, "हो, हो, घेऊ." रोगवाला गप्प. क्लेरिकवाला पुस्तक चाळायला लागला, जणू तिथे पळवाट छापलेली असणार. आणि धाकटी माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, मेली ना ती? नीट सांग."

"हो. मेली."

पडद्याआडून फासे टाकणारा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, अशा वेळी पंधराचे पाच करतो. लोक त्याला दया म्हणतात. मला ते पटत नाही. एकदा फासा खोटा ठरला की त्यांनी जिंकलेली प्रत्येक लढाईही संशयाखाली येते, आणि ती तर त्यांची कमाई असते. पडलेल्या फाशासाठी नियम बदलायचा नाही. पुढे येणाऱ्या गोष्टींसाठी हवा तेवढा बदलावा, पण सगळ्यांच्या देखत. शिवाय जिचं कॅरेक्टर गेलं होतं तिने काही मागितलंच नव्हतं, मागत होते ते बाकीचे.

विझर्ड मेली तरी मंत्र विझत नाही. काठी जमिनीवर पडून जळत राहिली आणि शॅडो कागदावर लिहिल्याप्रमाणे तिच्यावर तुटून पडले. बाकीच्यांना पळायला तेवढा अवकाश मिळाला. ते वर अंगणात आले. तिथे अजून ऊन होतं, आणि उन्हात शॅडो लुळा पडतो. चौघांनी तिथेच एक तास काढला. स्ट्रेंथ भरून आली, क्लेरिकची शक्तीही परत आली.

आता पुस्तकातला दुसरा नियम. शॅडोने मारलेल्या माणसाची, तो दुष्ट नसेल तर, एक ते चार तासांत स्वतःचीच सावली उठते. मी फासा टाकला. एक.

मी म्हणाले, "पुस्तकाप्रमाणे ही आता एक राक्षस आहे आणि मी चालवायची. मी नियम बदलतेय, इथून पुढे, फक्त हिच्यासाठी. पहाटेपर्यंत तिला स्वतःचं नाव आठवेल. दर फेरीला विझडम सेव्ह, म्हणजे मनावर ताबा राहतो का याचा फासा, दहापासून सुरू, दर वेळी एकाने वाढत जाणारा. चुकला की जवळच्या जिवंत माणसावर झडप. कुणाची हरकत?" कुणाचीच नव्हती. मी शॅडोचा स्टॅट ब्लॉक, म्हणजे त्याच्या आकड्यांचा तक्ता, तिच्यासमोर सरकवला. तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "बापरे, आता मी केवढी चांगली आहे."

अंधार पडल्यावर चौघे पुन्हा खाली उतरले. खरी गंमत इथून पुढे. क्लेरिककडे आता नेमकं हत्यार होतं, पण ते तीस फुटांतल्या, क्लेरिक दिसणाऱ्या किंवा ऐकू येणाऱ्या प्रत्येक अनडेडला लागतं. म्हणजे तिलाही. त्याचा हात अडला. तिने विचारलं, "तीस फूट म्हणजे किती घरं?" सहा, मी सांगितलं. तिने नकाशावर बोटाने एकेक घर मोजलं, आपली सोंगटी सातव्यावर नेऊन ठेवली आणि क्लेरिकला म्हणाली, "कर." बाकीच्या शॅडोंच्या लेखी ती त्यांच्यातलीच एक होती, तिला कुणी अडवलं नाही.

चार शॅडो पळाले. पाचव्याचा सेव्ह लागला, त्याला रोग आणि रेंजरने संपवलं. फायटर कोंडलेल्या माणसाच्या दाराशी पोचला तेव्हा धाकटीचा सेव्ह बारावर आला होता आणि तिचे पडले आठ. जवळचा जिवंत माणूस म्हणजे तिचा भाऊ. तिने स्वतःच्या हाताने त्याच्यावर फासा टाकला, लागला, तीन स्ट्रेंथ घेतली आणि टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. भाऊही हसत होता, पण शीटवरचा आकडा खोडताना त्याने दोनदा विचारलं, "ही परत येते ना, रेस्टनंतर?"

पुढच्या फेरीत ती क्लेरिकला म्हणाली, "माझ्यावरच टाक, उजेडवालं." तेजाचा मार शॅडोला दुप्पट लागतो. तिचा सेव्ह हुकला. सेक्रेड फ्लेमचे आठ पडले, दुप्पट सोळा. शॅडोचे हिट पॉइंटही नेमके सोळा. असं जुळून येणं मी लिहून आणलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. फासे समोर होते म्हणून ठेवला.

कैदी सुटला. फायटरवाल्याने निघताना कलमाचा विषय पुन्हा काढला. माझ्या टेबलावर हाउस रूल सगळ्यांच्या होकारानेच चढतो. चार हात वर गेले, धाकटीचा खालीच राहिला. "मग मी ती काठी धरून उभी का राहिले असते?" एवढंच तिने विचारलं, आणि भावाने नाइलाजाने विषय मिटवला.

नवीन कॅरेक्टर तिने त्याच रात्री पाठवलं. हाफ-ऑर्क बार्बेरियन, स्ट्रेंथ 17, इंटेलिजन्स 8. पार्श्वभूमीच्या रकान्यात तिने एकच ओळ लिहिली होती: उजेड दुसऱ्या कुणीतरी धरायचा.