वेळेवर भरूनही ७३१

कर्ज विभागातल्या मॅडमनी मॉनिटर माझ्याकडे वळवला आणि पेनाच्या टोपणानं एका आकड्यावर टकटक केलं. माझा सिबिल स्कोअर, म्हणजे उधारी फेडण्याच्या सवयीला मिळालेले गुण: ७३१.

"हप्ता एकही चुकलेला नाही तुमचा. पण आमचा चांगला दर ७५० च्या वर आहे. तुम्हाला ८.५ नाही, ८.९ लागेल."

ही मार्च २०२५ मधली गोष्ट. विश्रामबागेतला दोन खोल्यांचा फ्लॅट, २८ लाखांचं कर्ज, २० वर्षं. मॅडमनी कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं: एका दरानं हप्ता २४,२९९, दुसऱ्यानं २५,०१३. महिन्याला ७१४ रुपये. ऐकायला काहीच नाही, पण २४० हप्त्यांनी गुणलं की पावणेदोन लाखांच्या जवळ जातं. मी फाइल उचलली आणि म्हटलं, येतो थोड्या दिवसांनी.

खरं सांगायचं तर राग आला होता. नऊ वर्षं कार्ड वापरतोय, एकदाही लेट फी नाही, 'मिनिमम ड्यू' भरून उरलेलं पुढं ढकलणं नाही. ड्यू डेट, म्हणजे बिल भरायची शेवटची तारीख, यायच्या आधी पूर्ण बिल चुकतं करतो. उधारीला घाबरणाऱ्या घरातला माणूस मी. आणि माझंच सिबिल कच्चं?

घरी येऊन माझा क्रेडिट अहवाल काढला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक क्रेडिट ब्युरोला, म्हणजे आपल्या उधारीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीला, वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. आपल्याकडे असे चार ब्युरो आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. 'सिबिल काढलं' असं आपण सरसकट म्हणतो, पण ते एकाचंच नाव. आपला अहवाल आपण बघितल्यानं स्कोअर घटत नाही. घटेल अशी भीती माझ्या मनात होती म्हणून मुद्दाम सांगतो.

पानं चाळताना हप्त्यांचा भाग आला. महिन्यामागून महिना '०००', म्हणजे शून्य दिवस उशीर. छाती फुगवून पुढं गेलो आणि माझ्या कार्डाच्या चौकटीत अडकलो. क्रेडिट लिमिट ७५,०००. करंट बॅलन्स ६२,१४०.

आता यात गंमत अशी, की ते ६२ हजार मी केव्हाच भरले होते. मग अहवालात बाकी कशी? मोबाइलमधली जुनी स्टेटमेंटं उघडून शेजारी ठेवली तेव्हा कळलं. तो आकडा तंतोतंत १८ तारखेच्या स्टेटमेंटचा होता. माझं बिल १८ ला निघतं, ड्यू डेट पुढच्या महिन्याची ७. मी इमानदारीत ५-६ तारखेला भरतो. पण माझी बँक ब्युरोला जे कळवत होती ते बिल निघालं त्या दिवशीचं. म्हणजे मी आंघोळ करून, भांग पाडून बसायच्या आधीच फोटो निघत होता, दर महिन्याला.

लिमिटच्या किती टक्के वापर दिसतो, त्याला क्रेडिट युटिलायझेशन म्हणतात. माझं ८३ टक्के. तीस टक्क्यांच्या आत ठेवा असं सगळे सांगतात. तो काही रिझर्व्ह बँकेचा नियम नव्हे, ठोकताळा आहे. ब्युरो आपलं नेमकं सूत्र उघड करत नाहीत. पण सावकाराच्या बाजूनं बघितलं तर तर्क सरळ आहे. ज्याचं कार्ड दर महिन्याला काठोकाठ भरलेलं दिसतं, तो ओढाताणीत असावा, असं कुणालाही वाटेल.

आणि मी ओढाताणीत नव्हतो. पंपाच्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे. महिन्यातले पंधरा दिवस जत, विजापूर, सोलापूर, कधी हुबळी. लॉज, डिझेल, जेवण, वेळेला एखादं सील किंवा बेअरिंग, सगळं माझं कार्ड घासून. कंपनी बिलं पास करून साधारण २० तारखेला पैसे खात्यात टाकते. खर्च कंपनीचा, डाग माझ्या नावावर.

यावर कळस म्हणजे माझंच एक शहाणपण. माझ्याकडे दुसरं कार्ड होतं, ९० हजार लिमिटचं, वापर जवळपास शून्य. घरासाठी कर्ज काढायचंय तर 'पसारा कमी करू' म्हणून नोव्हेंबरमध्ये ते बंद केलं. बंद करायला फार त्रास झाला नाही, कारण विनंतीनंतर सात कामकाजाच्या दिवसांत बँकेनं कार्ड बंद केलं नाही तर तिला दिवसाला ५०० रुपये दंड आहे. पण हिशोब बघा. दोन कार्डं होती तेव्हा एकूण लिमिट १ लाख ६५ हजार, त्यात ६२ हजार म्हणजे ३७-३८ टक्के. एक बंद केल्यावर तेच ६२ हजार ८३ टक्के झाले. खर्च रुपयानं वाढला नाही. वार्षिक फी नसलेलं, नऊ वर्षांचं जुनं, बिचारं ड्रॉवरमध्ये पडून असलेलं कार्ड मी कात्रीनं कापलं होतं. बायकोनं ते तुकडे कचऱ्यात टाकताना विचारलंही होतं, "कशाला कापताय, खायला मागतंय का?"

घाईत अजून एक माती खाल्ली. लिमिट वाढवायचं तर नवीन कार्ड घ्यावं म्हणून चार दिवसांत दोन ठिकाणी अर्ज केले. एकानं नाकारलं, दुसऱ्यानं उत्तरच दिलं नाही, आणि त्यांनी माझा अहवाल मागवल्याच्या दोन चौकश्यांच्या नोंदी मात्र त्यात पडल्या. त्यानंतर हात आवरला.

मग जे केलं ते अगदी साधं होतं. एक, असलेल्या कार्डाचं लिमिट वाढवून मागितलं. पगाराच्या स्लिपा जोडल्या, दीड लाख झालं. दोन, बिलाची तारीख बदलून घेतली. कार्डधारकाला निदान एकदा तरी बिलिंग सायकल बदलायची सोय बँकेनं द्यायलाच हवी, असं रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. कस्टमर केअरवरच्या मुलीला हे माहीत नव्हतं, तिनं दोनदा होल्डवर ठेवलं, पण शेवटी तीन तारखांचा पर्याय आला. मी २४ घेतली. कंपनीचे पैसे २० ला येतात, २२ ला मी कार्ड जवळजवळ रिकामं करतो, २४ ला बिल निघतं. पूर्ण शून्य करत नाही, हजार-दोन हजार राहू देतो. त्याची गरज आहे की नाही ठाऊक नाही, सवय पडली.

एप्रिलमध्ये कंपनीचे पैसे २७ ला आले. अकाउंटला जाऊन म्हटलं, टूर अॅडव्हान्स द्या. तिथले भाऊ चष्म्यावरून बघत म्हणाले, "अॅडव्हान्स? तुमच्याकडं कार्ड आहे की." त्यांना सिबिल समजावण्यात अर्धा तास गेला. अॅडव्हान्स मिळाला, २० हजार.

मे महिन्यात पैसे देऊन पुन्हा अहवाल काढला. बॅलन्स ९,४००. स्कोअर ७५६. पण लिमिट? अजून ७५,०००. बँकेच्या अॅपवर दीड लाख, अहवालात जुनंच. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी दर पंधरवड्याला माहिती पाठवायची होती, त्यामुळे उशीर झाला असेल हे कारणही पटेना. तसं ७५६ मध्ये काम झालं असतं, पण सहा गुणांच्या काठावर बसून पावणेदोन लाखांची पैज लावायची माझी तयारी नव्हती. एखादी टूर लांबली की परत खाली.

ब्युरोच्या साइटवर तक्रार टाकली. तिला पैसे पडत नाहीत. ब्युरो स्वतः आकडा बदलू शकत नाही, बँकेला विचारतो. बँकेला २१ दिवस, सगळं मिळून ३० दिवसांत तड लागली पाहिजे. नाहीतर एप्रिल २०२४ पासून उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. माझ्या बँकेनं आधी 'माहिती बरोबर आहे' असं कळवलं. मी अॅपचा स्क्रीनशॉट आणि लिमिट वाढल्याचा मेसेज बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला, मेल केला. ४१ व्या दिवशी दुरुस्ती झाली. ११ दिवसांचे ११०० रुपये मात्र आपणहून आले नाहीत, नियमाची तारीख टाकून आणखी एक मेल करावा लागला.

जुलैत त्याच मॅडमच्या समोर बसलो. ७७१. दरम्यान रेपो दरही, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो, फेब्रुवारीतल्या सव्वासहावरून साडेपाचवर आला होता, तेव्हा मार्चच्या ८.५ पेक्षाही कमी दर लागला. त्यातलं श्रेय सगळं माझं नाही. पण वरच्या स्लॅबमध्ये बसलो ते २२ तारखेमुळं.

उरलेल्या तीन ब्युरोंचे फुकटचे अहवालही मागवून ठेवलेत. एकात ते कात्रीनं कापलेलं ९० हजारांचं कार्ड अजून चालू दिसतंय. माझ्या फायद्याचंच आहे म्हणा, पण तक्रार टाकलीय. आज बारावा दिवस.