अक्काच्या दोन फायली

अक्काच्या दोन्ही स्तनांत कॅन्सर निघाला, तिची डावीकडची फाईल लाल आणि उजवीकडची हिरवी, हे मी पहिल्याच महिन्यात करून टाकलं कारण सगळे रिपोर्ट एकाच पिशवीत कोंबले की मलाच कळंना कुठला कुठल्या बाजूचा.

मागच्या वर्षी ऐन सोयाबीन काढणीत तिला डावीकडं गाठ लागली. तालुक्याला दाखवलं तर साधी गाठ आहे म्हणून गोळ्या दिल्या, दोन महिने तिथंच गेले, त्याचा राग अजून जात नाही माझा. मग केजहून बार्शी गाठली, नर्गिस दत्त हॉस्पिटल, आपल्या बीड-धाराशिवकडचे लई लोक तिथंच जातात. मॅमोग्राफीत उजवीकडंपण एक निघाली, हाताला न लागणारी.

झालं, गावात बोभाटा. दोन्हीकडं झालाय म्हणजे पसरलाय, आता काय राहिलं. मावशी तर पदर तोंडाला लावून बसली. मलाबी तसंच वाटलं होतं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं, की बहुतेक वेळा एकीकडचा दुसरीकडं गेलेला नसतो, दोन्ही आपापले वेगळे उगवलेले असतात, म्हणून बायोप्सी दोन, स्टेज दोन, आणि ईआर, पीआर, हर-टू या, गाठ कशावर वाढती ते सांगणाऱ्या तपासण्यापण दोन्हींच्या वेगळ्या. आणि निघालेही वेगळेच! डावा हार्मोनवर वाढणारा, उजवा बारका पण हर-टू पॉझिटिव्ह. नुसत्या डाव्याची बायोप्सी करून थांबलो असतो तर उजव्याचं औषध मिळालंच नसतं. म्हणून कुणाच्या घरी असं असंल तर दोन्ही रिपोर्ट हातात येईपर्यंत गप बसू नका.

ऑपरेशनच्या आधी रक्ताची जीनची टेस्ट झाली, बीआरसीए वन आणि टू, म्हणजे घराण्यातून येणारा दोष आहे का ते बघायची. अक्का ४६ ची, त्यात दोन्हीकडं, म्हणून. त्या रिपोर्टची वाट बघताना ती रात्री मला म्हणली, "माय, मी माझ्या पोरीच्या अंगात हे घातलं की काय गं?" काय बोलावं. (हा दोष बापाकडूनपण येऊ शकतो, हे आपल्याकडं कुणी बोलतच नाही.) दोष निघाला नाही, तरी पोरीनं तपासणी लवकर चालू करायची असं सांगितलंय.

केमो आठ झाल्या. मग अक्काच म्हणली, "दोन्ही काढून टाका डॉक्टरसाहेब, कटकट नको." पण उजवीकडं नुसती गाठ काढून शेक (रेडिएशन) दिला तरी चालतंय म्हणले, डावं पूर्ण काढावं लागलं, काखेतल्या गाठीपण. त्यामुळं आता सुई आणि बीपी उजव्या हाताला, डाव्याला सूज येऊ नये म्हणून जपायचं, खुरपं धरायचं नाही, कळशी नाही. ती ऐकती व्हय! परवा भाकरी थापायलीच होती.

महात्मा फुले योजनेत बरंच बसलं, रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला भेटायचं.

टॅमॉक्सिफेनची गोळी रोज आहे, निदान पाच वर्षं, ती लाल फाईलची. हर-टूचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, वर्षभर, आणि मधून मधून हृदयाचा टू डी इको. सोमवारी अकरावं आहे. सकाळच्या एसटीनं निघायचंय, हिरवी फाईल पिशवीत घालून ठेवलीय.