खालीची मात्रा

मी सहावीला गणित शिकवतो आणि रविवारी सकाळी तबला शिकायला जातो. गुरुजी वयानं माझ्याहून लहान, म्हणून ते मला 'सर' म्हणतात आणि मी त्यांना गुरुजी. दोन्हीकडे माझं दुखणं एकच: घाई.

तीनतालाच्या १६ मात्रा (म्हणजे ठोके) हातावर धरताना पहिली (तीच सम), पाचवी आणि तेरावी टाळीची. नवव्या मात्रेला टाळी नाही, नुसता हात बाजूला करायचा. त्या मात्रेला म्हणतात 'खाली'. तिथून पुढं ठेक्यात, म्हणजे तालाच्या ठरलेल्या बोलांत, 'धिं'चा 'तिं' होतो, डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याचा, घुमार काही मात्रा थांबतो आणि डोळे मिटून बसलेल्यालाही कळतं, सोळा मात्रांचं अर्धं आवर्तन सरलं, सम आता आठ मात्रांवर आहे. माझा डग्गा मात्र तिथंही घुमतच राहतो. गुरुजी म्हणतात, "सर, खाली वाजवायची असते, गाजवायची नसते."

वर्गातही मी ती गाजवायचोच. प्रश्न विचारायचा आणि पोरांनी श्वास घ्यायच्या आत उत्तरही आपणच देऊन टाकायचं. वर्ग गप्प झाला की पोटात गोळा येतो हो! वाटतं, यांना काही कळलेलंच नाही, आणि नेमके आत्ताच हेडसर व्हरांड्यातून जायचे.

परवा डब्यानंतरचा पाचवा तास होता. (ही वेळ गणिताची नव्हे. भरदुपारी सकाळचा राग भैरव आळवण्यातला प्रकार.) फळ्यावर लिहिलं, १ ÷ १/२.

"अर्धा!" पुढचे बाक एका सुरात. सूर पक्का, उत्तर चूक.

मी मान हलवली आणि गप्प राहिलो. मनात ठेका धरला. धा तिं तिं ता. पंखा करकरत होता. कुणाची तरी कंपासपेटी खाली पडली. ता धिं धिं धा. एक आवर्तन गेलं. दुसऱ्यात उत्तर अगदी ओठांवर आलं, ते गिळलं. तिसऱ्यात खिडकीजवळचा पोरगा, जो एरवी हजेरीपुरतं तोंड उघडतो, स्वतःशीच पुटपुटला, "एका भाकरीत अर्ध्या किती बसतात... दोन."

"हां!" करून माना हलल्या, समेवर हलतात तशा. सगळ्यांच्या नाही, दहा-बारा जणांच्या असतील.

रविवारी हे सगळं रंगवून गुरुजींना सांगितलं. ते खूश झाले. तबला सुरात लावायची हातोडी खाली ठेवत म्हणाले, "वा! आता तेच जरा इथं करून दाखवा, सर."