हुंड्याखेरीजचं

फोटोग्राफीचा नाद लागला की कॅमेरा एकच राहतो, त्याच्यामागचं लटांबर तेवढं वाढत जातं. ट्रायपॉड, जादा बॅटऱ्या, फिल्टर, लेन्सवरची धूळ उडवायचा रबरी फुगा आणि तो फुगा दबू नये म्हणून वेगळी डबी. या सगळ्या जामानिम्याला इंग्रजीत एकच शब्द आहे, पॅराफर्नेलिया. उच्चारतानाच दम लागतो, आणि बोलणाऱ्याच्या सुरात बहुतेक वेळा थोडी कुरकुर असते. मुख्य वस्तू सोडून बाकीचा पसारा, असा तो सूर.

या शब्दाचं माहेर ग्रीक. ‘फेर्ने’ म्हणजे हुंडा, ‘पारा’ म्हणजे त्याखेरीज. हुंडा नवऱ्याच्या हाती जायचा. त्याव्यतिरिक्त बाईने जे आणलं, ते तिचं. रोमन कायद्यानेही हा भेद मानला, लॅटिनने शब्दाला शेपूट जोडलं आणि तो इंग्लंडच्या कोर्टात पोचला. आपल्याला लगेच स्त्रीधन आठवतं, पण इंग्रज वकिलांनी त्याचं जे केलं ते निराळंच.

तिथे लग्न लागलं की बायकोचे पैसे, भांडीकुंडी, जनावरं, सगळी जंगम मालमत्ता नवऱ्याची. त्यातून तिच्यासाठी जरा बाजूला काढलेलं ते पॅराफर्नेलिया: अंगावरचे कपडे आणि तिच्या दर्जाला शोभतील इतके दागिने. पण ‘तिचे’ हा शब्द इथे फार सैल आहे. नवरा जिवंत असेपर्यंत ते दागिने खुशाल विकू शकत होता, कुणाला देऊनही टाकू शकत होता. मृत्युपत्रात मात्र ते दुसऱ्याच्या नावे करता येत नसत. म्हणजे गळ्यातला हार खऱ्या अर्थाने तिचा व्हायचा तो विधवा झाल्यावर. त्यातही नवऱ्याने कर्ज करून ठेवलं असेल तर सावकार दागिन्यांवर हात टाकू शकत. आवश्यक कपड्यांना तेवढी सूट. इतकी काटेकोर कंजुषी मला तरी थक्क करते. ही तरतूद लिहिणाऱ्यांना आपण उदार आहोत असंच वाटत असणार!

अठराव्या शतकातच हा शब्द कोर्टाबाहेर पडून कुठल्याही किडुकमिडुक सरंजामाला लागू झाला. बायकांची वाट मात्र लांबली. १८७० च्या कायद्याने विवाहितेची स्वतःची कमाई तिची झाली. १८८२ च्या कायद्याने बाकीची मालमत्ताही. मग दागिन्यांसाठी वेगळी पळवाट ठेवायचं कारणच उरलं नाही.

शब्दाचा कोर्टाशी संबंध मात्र सुटला नाही. आज अमेरिकेच्या कायद्यात ‘ड्रग पॅराफर्नेलिया’ हा गुन्ह्याचा स्वतंत्र प्रकार आहे. त्यात चिलमी येतात, हुक्के येतात, आणि कोकेन ओढायचे इवलेसे चमचेसुद्धा.