फ्लॅपर स्केटची अंडपिशवी ओळखताना: माझा अनुभव

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर फ्लॅपर स्केट या चपट्या माशाच्या रिकाम्या अंडपिशव्या (ज्यांत त्याचं पिल्लू वाढतं) शोधायच्या तर हिवाळा बरा, आणि त्यातही मोठं वादळ होऊन गेल्यानंतरचे दिवस. भरतीच्या ताज्या रेषेवर मी फार वेळ घालवत नाही. वाळलेली पिशवी अगदी हलकी असते, वारा तिला वर ढकलत नेतो. त्यामुळे जुन्या भरतीरेषेवर, कुजत पडलेल्या केल्पच्या (मोठ्या समुद्री शेवाळाच्या) ढिगाखाली आणि वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी हात घालायचा. हातमोजे हवेतच, कारण त्या ढिगात गळ आणि जाळ्यांचे तुकडेही असतात.

स्केट म्हणजे आपल्या पाकटाचा नातलग. फरक असा की पाकट जिवंत पिल्लं देतं आणि स्केट अंडी घालतो, म्हणून कोकणच्या पुळणीवर पाकटाची अशी पिशवी कधीच सापडायची नाही. फ्लॅपर स्केट (डिप्टुरस इंटरमेडियस) अडीच मीटरपर्यंत वाढतो. त्याची पिशवी चौकोनी, चार कोपऱ्यांना चार जाड, आखूड शिंगं. लांबी वीस सेंटीमीटरच्या पुढे सहज जाते, रुंदी चौदाच्या आसपास. तळहातावर मावत नाही. शिंगांऐवजी कोपऱ्यांतून वेलीसारखे पिळदार तणावे निघालेले दिसले तर ती शार्कची, बहुतेक वेळा लहान ठिपक्यांच्या कॅटशार्कची.

घरी आणल्यावर मी लगेच पट्टी लावत नाही. वाळलेली पिशवी आमसुलासारखी आखडलेली असते, त्या अवस्थेत घेतलेलं माप निरुपयोगी. आधी भिजवायचं. लहान पिशव्यांना काही तास पुरतात, फ्लॅपरची मात्र रात्रभर बादलीत राहू द्यावी. साधं थंड नळाचं पाणी चालतं. घाई म्हणून उकळतं पाणी ओतू नये. भिंत कोलॅजनसारख्या प्रथिनाची असते, ते उष्णतेने आकसतं आणि मग पिशवी मूळ मापावर येत नाही. आत हवा अडकलेली असली की ती तरंगते, म्हणून उघड्या टोकातून पाणी भरून वाळू खळखळून काढायची आणि वर एखादा गुळगुळीत दगड ठेवायचा. बादली घराबाहेर ठेवलेली बरी, वास दांडगा असतो.

भिजून मऊ झाली की लांबी मोजायची, शिंगं सोडून, एका टोकाच्या कडेपासून दुसऱ्या टोकाच्या कडेपर्यंत. शिंगं मोडलेली, झिजलेली असतात, ती धरली तर दोन पिशव्यांची तुलनाच होत नाही. रुंदी मधोमध घ्यावी. दोन्ही बाजूंना पातळ पट्टी असते, ती मापात धरली की सोडली हे नोंदीत लिहावं. मग पृष्ठभाग बघायचा. ताज्या फ्लॅपर पिशवीवर सोनेरी-तपकिरी तंतूंचा दाट थर असतो. लाटांच्या घासण्याने तो सोलून जातो, पण शिंगांच्या बेचक्यात थोडे तंतू बहुधा उरतात. तिथे भिंग लावून बघितल्याशिवाय मी निर्णय देत नाही.

घोटाळा होतो तो बारा ते चौदा सेंटीमीटरच्या पिशव्यांत. ब्लाँड रे या दुसऱ्या स्केटची (राजा ब्रॅक्युरा) मोठी पिशवी चौदापर्यंत जाते. तिची शिंगं जास्त लांब असतात आणि अंगावर तंतूंचं तसं आवरण नसतं. थॉर्नबॅक या आणखी एका स्केटची (राजा क्लॅव्हाटा) नऊच्या आतच राहते. ब्लू स्केटचा प्रश्न वेगळा आहे. २००९-१० पर्यंत तो आणि फ्लॅपर मिळून 'कॉमन स्केट' ही एकच जात मानली जायची, त्यामुळे त्याआधीच्या नोंदी वाचताना नेमका कोणता प्राणी हे समजून घ्यावं लागतं. ब्लू स्केट लहान, पिशवीही लहान, आणि त्याचा वावर मुख्यतः दक्षिणेकडे, आयर्लंडच्या दक्षिणेच्या सेल्टिक समुद्रात.

पिशवी पुढे काय सांगते? एका टोकाला, दोन शिंगांच्या मधली शिवण सरळ उकललेली असेल तर पिल्लू बाहेर पडून गेलं. स्वच्छ कडेचं, काही मिलिमीटरचं गोल भोक असेल तर शिकारी गोगलगाईने भिंत पोखरून आतला बलक खाल्ला. वेड्यावाकड्या चिरा बहुतेक वादळातल्या. या तिन्ही खुणा मी वेगवेगळ्या नोंदवतो.

शिंगांची टोकंही बघण्यासारखी असतात. त्यांत बारीक फटी असतात. सुरुवातीला त्या घट्ट चिकट द्रवाने बंद असतात. तो विरघळला की आतलं पिल्लू शेपटीचं टोक सतत हलवून समुद्राचं पाणी फटींतून खेळवतं, त्यातूनच त्याला प्राणवायू मिळतो. फ्लॅपरचं पिल्लू सुमारे दीड वर्ष असं आत असतं. एवढा काळ गाळ साचून फटी बुजल्या तर ते गुदमरतं. म्हणून मादी जागा निवडून अंडी घालते: वीस मीटरपेक्षा खोल, मोठे धोंडे आणि खडक, मध्यम प्रवाह, गाळ कमी. स्काय बेटाजवळ लाँगे इथे पाणबुड्यांना अशीच जागा मिळाली, शंभराहून जास्त अंडी असलेली, आणि मार्च २०२१ मध्ये तिला तातडीने संरक्षण मिळालं. धोंड्यांवरून ड्रेज (समुद्रतळ खरवडणारं मासेमारीचं अवजार) फिरलं की असं ठिकाण एका फेरीत संपतं, म्हणून ते संरक्षण मला फार मोलाचं वाटतं. मादी वयात यायलाच दशक-दोन दशकं लागतात, नुकसान लवकर भरून निघत नाही. आयर्लंड आणि ब्रिटनमधल्या आयरिश समुद्रातून हा प्राणी जवळपास नाहीसा झाल्याचं १९८१ मध्येच छापून आलं होतं.

क्वचित बंद, जड पिशवी मिळते, तिच्यात जिवंत पिल्लू असू शकतं. ती नळाच्या पाण्यात मुळीच टाकायची नाही. थंड समुद्राच्या पाण्यात, सावलीत ठेवून मागून टॉर्च धरायचा. फ्लॅपरची भिंत गडद असते, हालचाल नीट दिसेलच असं नाही. शंका असली तर जिवंत समजूनच वागावं. किनाऱ्यावरून परत फेकली तर पुढच्या भरतीला ती पुन्हा वर येते, तेव्हा स्थानिक स्केट अभ्यासकांना लगेच कळवणं उत्तम.

नोंद करताना तारीख, जागेचा अचूक संदर्भ, मोजपट्टीसह दोन्ही बाजूंचे फोटो आणि 'भिजवून मोजली' हा शेरा एवढं पाठवतो. शार्क ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेची 'ग्रेट एगकेस हंट' ही मोहीम २००३ पासून अशा नोंदी घेते. रिकामी पिशवी प्रवाहाबरोबर दूरवरून आलेली असू शकते, त्यामुळे अंडी त्याच उपसागरात घातली होती असं त्या एका नोंदीवरून मी कधीच लिहीत नाही. 'किनाऱ्यावर मिळाली' एवढंच लिहितो.